पोचूचे दोन मारेकरी

मुरमटोल्यात पोचू नरोटे दोन वेळा शहीद झाला होता, आणि दोन्ही वेळा घरच्यांना ते मागाहून कळवण्यात आलं.

तळ्याच्या पाळीवर लाल स्मारक होतं. वर विळा-हातोडा आणि खाली रंगवलेली अक्षरं: पोचू पोलिसांच्या गोळीला बळी पडला. शाळेच्या बाजूला आता पांढरं स्मारक उभं झालं होतं, राजुऱ्याहून आणलेल्या गुळगुळीत फरशीचं. त्यावर पोचू नक्षल्यांच्या गोळीला बळी पडला असं कोरलं होतं. फरशीवर अजून कापड होतं. ते दुपारी ओढायचं होतं. दोन्हींमधलं अंतर म्हणाल तर एका हाकेचं. एवढ्याशा गावात एका माणसाला दोन-दोन मारेकरी मिळाले, आणि माणूस कोण, तर जिवंतपणी ज्याला गोटुलात, गावाच्या बैठकघरात, कोणी सरकून जागा देत नसे असा.

आशाबाई या पोचूची थोरली सून. सकाळी अंगण सारवताना शाळेकडून भोंग्याची खरखर ऐकू आली, तशी ती मनात म्हणाली, मामाजी, उठा, आज पुन्हा मरायचं आहे तुम्हाला.

पहिलं शहीदपण पोचूला कसं चिकटलं, ते ऐकण्यासारखं आहे. दुर्गा, म्हणजे आशाबाईची लेक, सहा वर्षांची असताना पोचू एका सकाळी नाल्याकाठच्या पायवाटेवर डोकं फुटून पडलेला सापडला. त्याच सकाळी पलीकडच्या पहाडीत गोळीबार झाला होता. दोन-चार दिवसांनी दादालोक आले. जंगलातल्या बंदूकवाल्यांना गावात दादालोक म्हणतात; समोर मानानं आणि मागं हळू आवाजात. त्यांनी विचारलं, म्हातारा कसा मेला? पोचूची बायको सुकरी पायाच्या अंगठ्याकडे बघत बसली. आशाबाईचा बाप झिंगू, म्हणजे पोचूचा इवाई, तोही अंगठ्याकडे बघत बसला. घरची माणसं अंगठ्याकडे बघत बसली की बाहेरची त्यांच्या वतीनं बोलायला लागतात. दादालोकांनी फुटलेलं डोकं आणि पहाडीतली गोळी यांची सोयरीक लावून दिली. पावसाळ्यापर्यंत पोचूवर गाणं तयार झालं, आणि ते ऐकून थोरला मुलगा बिरजू इतका रडला की तेव्हापासून दर शहीद सप्ताहात त्याला पुढं बसवतात आणि भाषण करायला लावतात.

दुसरं शहीदपण धाकट्या मुलानं आणलं. भावाला पुढची जागा मिळते आणि आपल्याला मागची, हे अतुलच्या जिवाला लागलं होतं. गळा गोड होता. तो शहरात गेला आणि 'नवी पहाट प्रबोधन मंडळ' नावाच्या संस्थेच्या कलापथकात लागला. हे मंडळ गावोगाव जाऊन हिंसेच्या विरोधात नाटकं करत असे. मार्कंड्याच्या जत्रेत, वरोऱ्याच्या बाजारात, जिथं गर्दी तिथं. तिथं कोणीतरी विचारलं, तुझे वडील कसे गेले? अतुलला घरात जे शिकायला मिळालं होतं तेच त्यानं केलं; तो अंगठ्याकडे बघू लागला. मंडळानं नाटक लिहिलं. त्यातलं गाणं दादालोकांच्याच गाण्याच्या चालीवर बसवलं, कारण ती चाल लोकांच्या तोंडात आधीपासून होती. शब्द बदलले, मारणारा बदलला, ढोलकी नवी घेतली. सुकरी दोन्हीकडे शाल घ्यायला जायची आणि दोन्हीकडे रडायची. बरं रडायची, म्हणूनच बोलावत.

आशाबाई या सगळ्याला हसत आली होती, पदराआड का होईना. पण एका माणसाच्या बाबतीत तिचं हसू आटायचं. ती दुर्गा. इतर पोरं शाळेत बडबडगीतं शिकली, दुर्गा पाळीवर आजाचं गाणं शिकली. मोठ्यांनी ते गाणं म्हटलं आणि घरी येऊन भात खाल्ला. दुर्गानं ते खरं मानलं. आता ती चंद्रपूरला कॉलेजात होती, सुट्टीला आली होती, आणि आल्यापासून घरात कोणाशी धड बोलत नव्हती.

सारवण झाल्यावर आशाबाई धान काढायला ढोलीत, बांबूच्या कणगीत, वाकली, तर हाताला पिशवी लागली. मच्छरदाणी, टॉर्च, दोन कपडे, तापाच्या गोळ्या आणि मिठाची पुडी. होस्टेलला जाणारी पोरगी मीठ नेत नाही. आशाबाईनं पिशवी बाहेर काढून दुर्गाच्या पुढं ठेवली.

दुर्गा खोटं बोलली नाही, तेवढा तिचा गुण. बाजाराच्या बायांसोबत दादालोकांची एक दिदी येणार आहे, कार्यक्रमाच्या गर्दीत कोणाचं लक्ष राहत नाही, तिच्यासोबत जाणार, असं तिनं सरळ सांगितलं.

"मरशील तू," आशाबाई म्हणाली.

"आजा मेला तवा कोनी काय केलं? बाबा भाषन देते. काका नाटक करते. आजी शाल घेते. कोनी एकानं तरी खरंखरं काही कराव लागते का नाई?"

 ही पोरगी घरातल्या एकुलत्या एक प्रामाणिक माणसासारखी बोलत होती, आणि ज्या गोष्टीसाठी मरायला निघाली होती ती गोष्ट सपशेल खोटी होती. ते आशाबाईला ठाऊक होतं. आशाबाईलाच ठाऊक होतं, तिच्या बापाला, आणि सुकरीला.

पोचू गोरग्यावरून पडून मेला होता.

गोरगा म्हणजे ताडाच्या जातीचं झाड. त्याचा रस पहाटे गोड, दुपारी आंबट आणि संध्याकाळी भांडखोर. ज्या घराचं झाड त्याच घरच्या माणसानं चढायचं, भोपळ्याचा तुंबा बांधायचा, पहिला द्रोण पूर्वजांना सोडायचा. इकडं कोंबडी चोरलेली माफ होते, बाई पळवलेली दंड भरून माफ होते. दुसऱ्याच्या गोरग्याला हात लावला तर सगळ्या घराण्याला गोटुलात मान खाली घालून उभं राहावं लागतं, गावजेवण द्यावं लागतं, आणि चोर हे नाव नातवंडांपर्यंत चिकटून राहतं. पोचूनं तर परक्याचंही नाही, इवायाचं झाड धरलं होतं.

त्या पहाटे आशाबाई माहेरच्या टोल्यावर, शेजारच्या पाड्यावर, होती. बापासोबत झाडाखाली गेली, तर सासरा तिथं पडलेला. हात तुंब्याभोवती तसाच. माणूस फुटला होता, तुंबा शाबूत होता. झिंगूनं आधी तुंब्यात डोकावून पाहिलं आणि मग रडायला सुरुवात केली; तोही माणूसच. रडून झाल्यावर त्याला पोरीची सोयरीक आठवली. इवाई आपल्याच झाडावर चोरी करताना मेला हे गोटुलात गेलं, तर नरोट्यांच्या घराला तोंड दाखवायला जागा राहणार नाही आणि पोरगी दोन्हीकडून जाईल. म्हणून बाप-लेकीनं पोचूला ओढत पायवाटेवर नेऊन ठेवलं. प्रेताला आंघोळ घालताना सुकरीच्या नाकात रसाचा वास गेला. तिनं एक तांब्या पाणी जास्त ओतलं आणि ओठ मिटले. त्याच सकाळी पहाडीत गोळ्या वाजल्या होत्या, आणि पुढचं सगळं त्या गोळ्यांनी उचलून नेलं. बिरजू आणि अतुल तेव्हा बांबूकटाईला बाहेरगावी होते. त्यांना पायवाट तेवढी सांगण्यात आली.

एक वाक्य बोललं तर पोरगी थांबेल, हे आशाबाईला कळत होतं. आणि त्या वाक्यानं सासरचं नाक जाईल, बापाला म्हातारपणी गोटुलात उभं करतील, नवरा तोंड पाहणार नाही, हेही कळत होतं. ती पिशवीकडे पाहत बसली असतानाच अंगणात गाडी वाजली.

गाडीतून अतुल उतरला, अंगात मंडळाचा बिल्ला लावलेला सदरा. मागून दीपाली मॅडम. या नागपूरच्या, सुती साडी, पायात चांगल्या चपला, स्वभावानं खरोखर चांगल्या. त्यांचा एकच रोग होता. त्यांना प्रत्येक गोष्टीत कथन दिसे. हिंसेचं एक कथन असतं, त्याला प्रतिकथन द्यावं लागतं, आणि ते पीडित कुटुंबाच्या तोंडून आलं तर समाजात मुरतं, असं त्यांनी ओसरीवर बसता बसता सुकरीला समजावलं. सुकरीनं मान हलवली आणि विचारलं, शाल कवा देता?

बिरजूनं महिनाभर सांगितलं होतं की त्या पांढऱ्या दगडाकडे मी थुंकायलासुद्धा जाणार नाही. तरी आज त्याची दाढी केलेली होती. त्याच्या मागोमाग झिंगू काठी टेकत आला आणि सगळ्यांपासून लांब, गोठ्याच्या बाजूच्या खाटेवर बसला.

मग भांडण लागलं. या घरात भांडण गोंडीत चालतं तोवर खरं असतं. मराठीत गेलं की समजावं, भाषण सुरू झालं. बिरजूनं थेट मराठीतच सुरुवात केली. शोषण, जल-जंगल-जमीन, माझ्या बापाचं रक्त. अतुलनं त्याला विकास, लोकशाही आणि माझ्या बापाचं रक्त असं उत्तर दिलं. रक्तावर दोघांचं एकमत होतं. दीपाली मॅडमना बरं वाटलं असावं. त्या मान डोलवत होत्या. शेवटी अतुलचा तोल गेला आणि तो गोंडीवर आला. पोलीस आपल्या बाबाला कशाला मारतील, म्हणाला, काय होतं त्याच्यात मारण्यासारखं? बिरजूही तिरमिरीत गोंडीतच बोलला, मग दादालोक तरी कशाला मारतील, त्यांना काय गोळ्या जड झाल्या होत्या? आणि दोघंही एकदम गप्प झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघा भावांचं पटलं होतं आणि त्यांना ते कळलंही नाही.

त्या गप्पपणात दीपाली मॅडमनी दुर्गाच्या हातात कागद दिला. नातीनं वाचायचं मनोगत होतं. दुर्गानं पहिल्या ओळी वाचल्या आणि कागद घडी घालून परत केला.

"मॅडम, तुमी फक्त मारनारा बदलला," ती म्हणाली. "गानं तेच हाय. मले वाचाव नाई लागत, मले पाठ हाय." मग ती बापाकडे वळली. "मी दादालोकाईकडे जाऊन राह्यली, बाबा. आजच."

बिरजूचा चेहरा पाहण्यासारखा झाला. दर पावसाळ्यात पाळीवर उभं राहून 'घरटी एक लेकरू द्या' म्हणून हा घसा फोडायचा. घरटीत आपलंही घर धरतात, हे त्याला आज समजलं. कॉलेज आहे, परीक्षा आहे, हिवताप होतो, तुला चालवतं तरी कुठं, असं काहीबाही तो बोलू लागला. दुर्गानं विचारलं, तुमचं भाषण खोटं होतं का? तर म्हणे खोटं नाही, पण ते भाषण होतं.

अतुलनं मंडळाकडे समुपदेशन असतं अशी माहिती दिली. दीपाली मॅडम म्हणाल्या, आपल्या शिबिरात नेमका हाच विषय आहे, पण तो दुसऱ्या दिवशी घेतो. सुकरी तोंडाला पदर लावून बसून राहिली. पोरगी चालली होती, आणि घरातला प्रत्येक माणूस आपापल्या दुकानातला माल दाखवत होता.

आशाबाई उठली. कोणत्या भाषेत बोलावं एवढाही विचार तिनं केला नाही.

"मामाजीले कोनी मारलं नाई. ना यायनं, ना त्यायनं. माह्या बापाच्या गोरग्यावरून पडले ते. रस चोरून काढत होते. मी न् बाबानं उचलून वाटेवर नेऊन ठेवलं."

बिरजू म्हणाला की हे हिला मंडळानं शिकवलं. अतुल म्हणाला, वहिनी, बोलायचं होतं तर कार्यक्रमाच्या दिवशीच काऊन? दीपाली मॅडमनी फोन काढला, पुन्हा आत ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की हे तिसरं कथन आहे, याची संवेदनशीलपणे पडताळणी करावी लागेल. आणि दुर्गा हसली.

"चांगलं हाय, आई. मले थांबवाले चांगलं रचलं."

आशाबाईच्या काळजाला हे लागलं. खरं इतक्या उशिरा आलं की त्यालाही आता खोट्यांच्या रांगेत मागं उभं राहावं लागलं. आणि दोष कोणाला द्यायचा? ज्या पोरीला लहानपणापासून दोन-दोन गोष्टी विश्वासानं सांगितल्या, तिनं तिसरीवर विश्वास ठेवायचा कशावरून? तिनं बापाकडे पाहिलं. झिंगू अंगठ्याकडे बघत होता.

"बाबा, पाय नोका पाहू. पोट्टी चालली."

झिंगूनं मान वर केली नाही. तेव्हा आशाबाईनं ते केलं, जे चोराच्या घरानं करायचं असतं. गावजेवणाआधी, दंडाआधी, चोराच्या घरचा माणूस रसानं द्रोण भरून झाडाच्या धन्यापुढं गुडघे टेकतो आणि म्हणतो, आमच्या घरानं तुमच्या झाडाले हात लावला. धन्यानं द्रोण प्यायला तर चोरी कबूल आणि माफ. जमिनीवर ओतला तर आरोप खोटा. हे खोटं कोणी करत नाही. माणूस गाण्यात खोटं बोलतो, भाषणात बोलतो, फरशीवर कोरूनसुद्धा बोलतो. पण ज्या चोरीचा डाग नातवंडांना लागतो ती चोरी न करता अंगावर घेणारं घर या मुलखात अजून जन्माला आलेलं नाही. पाहुण्यांसाठी आणलेला गोरगा मडक्यात होता. आशाबाईनं द्रोण भरला आणि आपल्याच बापापुढं गुडघे टेकले.

झिंगूनं हात पुढं केला नाही.

"तुह्या हातानं नाई चालत," तो म्हणाला. "तू माही पोरगी. चोराच्या घरच्या मोठ्या मानसानं द्याव लागते."

आता दुर्गाचं हसू गेलं. तिला कॉलेजात काय शिकवत असतील ते असो, पण द्रोणाचा अर्थ तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. अंगणातल्या सगळ्यांच्या माना सुकरीकडे वळल्या.

सुकरीची गोष्ट समजून घ्यायला हवी. पोचूच्या घरात ती आयुष्यभर भांडी घासत आली. नवरा मेल्यावर पहिल्यांदा तिला कोणी खुर्ची दिली. लाल झेंड्याखाली दिली आणि मांडवाखालीही दिली. आज तिसरी खुर्ची शाळेपुढं मांडलेली होती, वर नवा रुमाल टाकून. ती उठून द्रोण देईल तर तिन्ही खुर्च्या जातील, आणि शहिदाची बायको उरलेलं आयुष्य चोराची बायको म्हणून काढेल. अतुल तिला म्हणाला, माय, बस तू, उठू नको. बिरजूही म्हणाला, बस. दोघा भावांचं आज दुसऱ्यांदा पटलं.

सुकरीनं दुर्गाकडे पाहिलं. मग दोन्ही पोरांना बाजूला सारून ती उठली, सुनेच्या हातातला द्रोण घेतला आणि कण्हत गुडघे टेकले.

"इवाई, आमच्या मानसानं तुमच्या झाडाले हात लावला," ती म्हणाली. "मले तवाच समजलं होतं. आंघोळ मीच घातली त्याले. अंगाले वास येत होता."

झिंगू द्रोण प्यायला. निम्मा रस दाढीवरून सांडला, पण एक थेंब त्यानं मुद्दाम ओतला नाही. पिऊन झाल्यावर तो लहान पोरासारखा रडू लागला.

बिरजू ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला. अतुलनं छातीवरचा बिल्ला उगाच नीट केला. दुर्गा एकेकाकडे पाहत उभी होती, आणि तिचा आवाज निघाला तो अगदी हळू.

"एक चोर झाकाले," ती म्हणाली, "तुमी मले मराले काढलं होतं."

 आशाबाईला वाटलं, आता ही जवळ येईल, नाही तर शिव्या देईल. दुर्गानं दोन्ही केलं नाही. ती अंगणातून निघाली आणि शाळेकडे चालू लागली. घरचे मागं धावले. आशाबाईच्या डोळ्यांपुढं बाजाराची वाट होती.

शाळेपुढं गाव जमलेलं होतं. मांडवात ढोलकीवाला हात गरम करत होता. दुर्गा सरळ माइकपाशी गेली. मंडळाच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण कार्यक्रमपत्रिकेत नातीचं मनोगत होतंच.

दुर्गा गोंडीत बोलली. दीपाली मॅडम अतुलला विचारत होत्या, काय म्हणतेय, काय म्हणतेय? अतुल ढोलकीवाल्याकडे बघत होता. दुर्गा म्हणत होती की पाळीवरचा दगड खोटा आहे आणि हा कापडाखालचाही खोटा आहे. माझ्या आजाला पोलिसांनी मारलं नाही, दादालोकांनी मारलं नाही. माझा आजा झिंगूआजाच्या गोरग्यावर चढून रस चोरत होता, पडला आणि मेला. द्रोण दिला आहे. झिंगूआजानं प्यायला आहे.

मागं बसलेल्या एका म्हातारीच्या तोंडून हसू फुटलं. तिनं ते दाबायचा प्रयत्न केला, तर शेजारणीचं फुटलं. मग बाया, मग पुरुष, मग मांडवाचे खांब धरून उभी असलेली पोरं. गाव हसू लागलं ते थांबेचना. गावाला संशय होताच. झिंगूच्या टोल्यावरचं सगळ्यात चांगलं झाड इतकी वर्षं बिनतुंब्याचं उभं होतं. शुद्धीवर असलेला माणूस असं झाड वाया घालवतो काय? पण एका बाजूला बंदूक, दुसऱ्या बाजूला बंदूक, मग विचारणार कोण? दोन्हींच्या भीतीनं दाबून ठेवलेलं हसू ते, पुरतं बाहेर पडायला वेळ लागणारच.

आशाबाई गर्दीच्या कडेला उभी राहून एकच गोष्ट शोधत होती. बाजारच्या बायांमध्ये चिंचेची टोपली घेतलेली एक अनोळखी बाई तिला दिसली. अंगानं काटक, पायात बायांच्या चपला नव्हत्या, कापडी बूट होते. तीही हसत होती, तोंडावर पदर दाबून, खांदे हलत होते. काही झालं तरी गोंडाचीच पोर. गोरग्याची चोरी म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं की आपण हसलो. तिनं दुर्गाकडे एकदा नीट पाहिलं. दुर्गानंही तिच्याकडे पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. बाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि नाल्याच्या वाटेला लागली, एकटी.

आशाबाई तिथंच मातीत बसली. उद्या दादालोक विचारायला येतील, परवा गाडीतून दुसरे येतील, हे तिला कळत होतं. येऊ देत. ज्याच्यावर सगळं गाव पोट धरून हसलं, त्याचं तिसरं स्मारक बांधायला कोणाची हिंमत होते ते पाहू.

फरशीवरचं कापड कोणी ओढलं नाही. दीपाली मॅडमनी दोन वेळा विचारलं, मग त्याही गाडीत जाऊन बसल्या. गावच्या गायत्यानं, म्हणजे पुजाऱ्यानं, उठून जाहीर केलं की नरोट्यांच्या घरावर गावजेवण बसलं, डुक्कर मोठं पाहिजे. लोक अजून डोळे पुसत होते.

मांडव रिकामा झाला तेव्हा घरची तेवढी उरली. दुर्गा आईकडे पाहत नव्हती. ती बापापुढं जाऊन बसली.

"बाबा, आजा कसा होता?"

बिरजूनं तोंड उघडलं. आपल्या बापावर इतकी वर्षं भाषणं दिलेल्या माणसाला एक वाक्य सुचेना. त्यानं अतुलकडे पाहिलं. अतुल म्हणाला, साधा होता, कष्टाळू होता, आणि थांबला, कारण ही नाटकातली ओळ होती.

"ठेंगना होता," सुकरी म्हणाली. ती जमिनीवरच बसली होती, खुर्च्या रिकाम्या असून. "बायाईसमोर लाजनारा होता, पन तुले पाठीवर घेऊन गावभर फिरे. झाडावर चढता येतच नोतं त्याले. आपलं झाड त्या साली वाळलं होतं. तू दोन दिवस रडून राह्यली होती, मले पहाटेचा गोड रस पायजे म्हनून. मी म्हनलं, इवायाले मांगा. तर म्हने, मांगाले लाज वाटते, पोट्टी उठाच्या आत घेऊन येतो."

 आजवर ती त्या म्हाताऱ्यासाठी गात आली होती. रडली ती त्या दुपारी.